दुसऱ्या गाडीचा रेग्युलेटर

तीन पिवळ्या वायरी, एक लाल, एक हिरवी.

"बाळ काय माझी गाडी चालू व्हायची वाट बघतं का?"

चौदा पॉइंट दोन.

जुन्या नंबरप्लेटचा तुकडा, त्याला ड्रिलने पाडलेली दोन भोकं.

"हे अक्षर कुणाचं?"

हा शेवटचा प्रश्न सर्व्हिस सेंटरच्या मॅनेजरचा. त्याच्या हातात चार महिन्यांपूर्वीचं जॉबकार्ड होतं, आणि समोर मिस्त्री हात पुसत उभा.

"माझंच. इतकं घाण दुसऱ्या कुणाचं असणार?"

"थट्टा सुचतेय! दुसऱ्या मॉडेलचा रेग्युलेटर बसवलास तो बसवलास, वर नंबरासकट लिहून ठेवलास?"

"बसवला म्हणून लिहिला."

बावीस वर्षांची खोड. असलं काही केलं की बाकीचे मेकॅनिक 'वायर टाइट केली' एवढं खरडून मोकळे व्हायचे. मिस्त्री केलेलं सगळं लिहायचा. उद्या गाडी ज्याच्या हाती जाईल त्याला कळायला नको?

गाडी नर्सबाईंची. वस्त्यावस्त्यांवर दुचाकीवरून जाऊन बाळंतपणं करणाऱ्या. बाळाचा तो प्रश्न त्यांचाच. रेग्युलेटर म्हणजे इंजिनाकडून येणारी वीज बॅटरीला झेपेल एवढीच पुढे सोडणारा मुठीएवढा डबा. या मॉडेलमध्ये तो सीटखाली कोंबलेला. वारा लागत नाही, तापतो, जळतो. वर्षात तीन जळले, तिन्ही कंपनीचे, खोक्यातून काढलेले. तिसरा जळला तेव्हा वाटेतच बॅटरी बसली. बाई पिशवी खांद्याला लावून भर उन्हात पळत सुटल्या. पोचल्या तेव्हा बाळ होऊन गेलं होतं, आणि रडत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीने मोठ्या गाडीचा रेग्युलेटर घेतला. नंबरप्लेटच्या तुकड्यावर बसवून तो पुढे, हेडलाइटखाली, वाऱ्यात लावला. प्लग जुळेना, तर तो कापून एकेक वायर डाग देऊन जोडली. रेस दिली, मीटर लावला. काटा चौदा पॉइंट दोन व्होल्टवर, हवा तिथेच, गेला आणि तिथून हलला नाही.

"उद्या कंपनीचा माणूस तपासणीला येतोय," मॅनेजर म्हणाला. "हे फाड आणि दुसरं लिही. गाडी आली तेव्हाच बाईंनी बाहेरून पार्ट बसवून आणला होता, असं."

"म्हणजे पुढे काही झालं तर बाईंच्या अंगावर."

"मग काय तुझ्या अंगावर घ्यायचंय?"

"घेतलंयच की. खाली सही कुणाची आहे?"

"मिस्त्री, रिटायर व्हायला तीन वर्षं राहिलीत. कशाला पायावर धोंडा पाडून घेतोस?"

मिस्त्रीच्या हातातली चिंधी खाली पडली. ती त्याने उचलली नाही.

"साहेब, चार महिन्यांत ती गाडी एकदा तरी परत आली का? तुमच्या खोक्यातले तीन जळाले तेव्हा कुणाला उभं करून विचारलंत, की बाबा हे कुणाचं अक्षर? जळणारा बसवला तर नियमात, चालणारा बसवला तर गुन्हा! आणि वर त्याच बाईला खोटं पाडायचं? त्या बाईला, जी तसल्या उन्हात पळत गेली? नाही लिहिणार. हात तुटला तरी नाही."

"आवाज खाली. उद्यापासून येऊ नकोस."

"उद्याचं उद्या. आज साडेतीनच वाजलेत."

रॅम्पवर एक गाडी अर्धी उघडलेली होती. मिस्त्री तिच्यापाशी जाऊन बसला. शेजारचा पेंटर उगाचच कॉम्प्रेसर चालू करून बसला.

साडेपाचला त्याने गाडी खाली घेतली आणि तिचं कार्ड भरलं: 'मागचे ब्रेक शू बदलले. कव्हरच्या एका बोल्टचे आटे माझ्या हातून गेले. उघडताना जपून.' सही केली. स्वतःचे तीन पाने धुऊन पुसून पिशवीत टाकले आणि निघाला.

त्याआधीच्या दोन वर्षांत मिस्त्रीने या जळणाऱ्या रेग्युलेटरबद्दल कंपनीला सहा पत्रं लिहिली होती आणि पाठवायला म्हणून मॅनेजरकडे दिली होती. सहाही मॅनेजरच्या खणात होती, तिकिटं लावलेली.