उन्हाळ्यातला दुसरा विषय

मी अमेरिकेत, कॅन्ससमध्ये शाळेची बस चालवते. जूनमध्ये शाळा बंद, बस बंद आणि पगारही बंद. म्हणून या उन्हाळ्यात कॉलेजात अकाउंटिंगचा एक विषय घ्यायचं ठरवलं आणि फी हप्त्यांनी भरता येईल का, हे विचारायला आर्थिक मदतीच्या खिडकीशी गेले.

खिडकीतली ओडेसा म्हणाली, "अगं वर्ना, तुझं शिक्षणासाठीचं सरकारी अनुदान उरलंय की! पण एका विषयावर उन्हाळ्यात मिळत नाही. दोन घे, दोन्हींची फी त्यातून जाईल."

"दुसरा कुठला घेऊ?"

"जागा फक्त खगोलशास्त्रात आहे."

"म्हणजे या वयात तारे मोजू?"

"मोज की. बस तर बंदच आहे तुझी."

वर्ग सुरू झाल्यावर तिसऱ्याच दिवशी खगोलशास्त्राच्या सरांनी पार्किंगमध्ये काळी काच लावलेली दुर्बीण मांडली आणि आम्हाला रांगेत उभं केलं. माझी पाळी आली. नारिंगी सूर्यावर करपलेल्या पावाच्या चुऱ्याएवढा एक ठिपका दिसला.

"सर, काच पुसा. डाग पडलाय."

"डाग सूर्यावरच आहे, बाई. आपली अख्खी पृथ्वी मावेल त्यात."

कॅन्ससच्या सपाट रस्त्यावर रोज सकाळी डोळ्यांवर येतो म्हणून एकोणीस वर्षं मी याच सूर्याला शिव्या घालत होते.

एकदा उतरलात की परत चढायचं नाही, असं मी पोरांना रोज दटावते. त्या दिवशी मात्र मुकाट्याने मागे गेले आणि पुन्हा रांगेच्या शेवटी उभी राहिले.