पडद्यामागचा नवरदेव

गेम बनवणाऱ्या त्या कंपनीत तिला सगळे मास्तरीण म्हणत, कारण तिचं कामच नापास करण्याचं होतं. नवा गेम तयार झाला की तो कमीजास्त ताकदीच्या कॉम्प्युटरवर चालवून बघायचा आणि कुठे नीट चालतो, कुठे अडखळतो, कुठे मशीन तापून बंदच पडतं, ते सांगायचं. तिच्या खोलीला खिडकी नव्हती. भिंतीला लागून मशीनची रांग होती आणि सगळ्यांचे पंखे मिळून दिवसभर घोंघावत असत. एका टोकाला सगळ्यात महागडं, रंगीत दिव्यांचं मशीन. त्याचं नाव तिने नवरदेव ठेवलं होतं. दुसऱ्या टोकाला म्हातारी. करड्या पत्र्याची, जुनी. गेम विकत घेणाऱ्या बहुतेकांच्या घरी म्हातारीच नांदत होती, पण हे कंपनीत कुणाच्या गावीही नव्हतं.

तिला सगळ्यांचाच तिटकारा होता. सगळ्यात जास्त मुख्य चित्रकाराचा. नव्या गेममध्ये एक नावाडी वादळात होडी हाकत होता आणि या गृहस्थाने त्याच्या कोटाचा धागा न् धागा वेगळा हलवला होता. नवरदेवावर ते सगळं लोण्यासारखं चालायचं. म्हातारीवर नावाडी एका लाटेवर दिसायचा, मग नाहीसाच व्हायचा आणि एकदम तिसऱ्या लाटेवर उगवायचा. कोट साधा करा, असं तिने सांगितलं तेव्हा चित्रकार म्हणाला की ज्यांची ऐपत नाही त्यांनी पत्ते खेळावेत. तिने त्याच्याकडे असं पाहिलं, की त्याने कॉफीचा कप उचलून दुसरं टेबल गाठलं.

तेवढ्यात मालकांचे चिरंजीव, म्हणजे धाकटे साहेब, एका मुलाखतीत सांगून मोकळे झाले की हा गेम घरातल्या जुन्यापुराण्या कॉम्प्युटरवरही मक्खन चालेल. तिने त्यांना खोलीत बोलावून म्हातारीसमोर बसवलं. त्यांची होडी खडकावर आदळली, पण ती आदळताना त्यांना दिसलीच नाही. आदळून झाल्यावर दिसली.

साहेबांनी माऊस बाजूला सारला. मग त्यांनी तोडगा सांगितला. उद्घाटनाच्या कार्यक्रमात टेबलावर म्हातारी ठेवायची, वायर मात्र पडद्यामागच्या नवरदेवाला जोडायची. आणि खेळायला बसायचं तिने.

"मी कशाला, सर?"

"लोकांचा तुमच्यावर विश्वास आहे, मॅडम. तुम्ही कुणाला पास करत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे."

ती नाही म्हणू शकली असती. पण तिच्या मनात साहेबांबद्दल जेवढी तुच्छता होती, तेवढीच समोर बसणाऱ्यांबद्दलही होती. टेबलावरच्या डब्यातून साधा पंख्याचा आवाज येत नाही, हे ज्याला कळत नाही त्याने फसावंच, असं तिला वाटलं. ती बसली आणि खेळली. होडी वादळातून सुळकन बाहेर निघाली. टाळ्या वाजल्या. एका वार्ताहराने तर म्हातारीच्या पत्र्यावर कौतुकाने हात फिरवला. पत्रा थंडगार होता, तरी त्याला शंका आली नाही. तिने मनातल्या मनात त्याची कीव केली आणि घरी जाऊन शांत झोपली.

पुढच्याच आठवड्यात वहिनीचा फोन आला. वहिनी शिवणकाम करायची. जिन्यावरून पडून तिचा पाय प्लास्टरमध्ये होता, शिलाई मशीन बंद होतं, म्हणून दादाने तिला तो गेम घेऊन दिला होता. वहिनी म्हणाली की तिची होडी दर लाटेला दम खाते. मशीन तर कार्यक्रमातलं होतं तसंच आहे, मग आपलंच काहीतरी चुकतंय. तिने दोनदा गेम काढून पुन्हा घातला होता. खुर्चीवर पाय ठेवून, डबा उघडून, शिलाई मशीनमध्ये तेल घालायच्या वेळी वापरायच्या ब्रशने आतली धूळही काढली होती.

फोनवर काहीतरी थातूरमातूर सांगून सुटता आलं असतं. ती उठून वहिनीच्या घरी गेली. टेबलावर डबा उघडा होता, आतला पंखा लख्ख पुसलेला होता, आणि वहिनी चष्मा लावून एकेक वायर तपासत होती.

"वहिनी, तुझं काही चुकलेलं नाही. त्या दिवशी टेबलावरचं मशीन बंद होतं. मी पडद्यामागच्या मशीनवर खेळत होते."

वहिनीने चष्मा काढला. "तुला ठाऊक होतं?"

"हो."

"आणि मी चार दिवस स्वतःला बावळट म्हणतेय," वहिनी म्हणाली. तिने डब्याचं झाकण लावलं, स्क्रू पिळले. ती रागावली नाही. तिने फक्त नणंदेकडे पाहिलं, आणि ते पाहणं मास्तरणीला ओळखीचं वाटलं. ती स्वतः चित्रकाराकडे असंच पाहायची. आपल्याकडे कुणी तसं पाहिलं तर कसं वाटतं, हे मात्र तिला पहिल्यांदाच कळत होतं.

दुसऱ्या दिवशी ती वहिनीच्याच मशीनसमोर बसली, डबा उघडा ठेवून खेळली, अडखळणारी होडी जशीच्या तशी चित्रित केली आणि कार्यक्रमात काय केलं होतं ते स्वतःच्या तोंडाने सांगून इंटरनेटवर टाकलं. एकच गहजब झाला. लोकांनी साहेबांना शिव्या घातल्या, पण तिला त्याहून जास्त घातल्या. साहेब लबाड असणार हे त्यांनी गृहीतच धरलं होतं. तिच्याकडून ती अपेक्षा नव्हती. कंपनीने हात वर केले. चाचणीप्रमुखांनी व्यवस्थापनाची दिशाभूल केली, असं पत्रक काढलं आणि तिला घरी बसवलं. इतकी वर्षं तिथे काम करून ती प्रमुख होती, हे तिला त्या पत्रकातून समजलं.

तिने शिव्या वाचल्या. शुद्धलेखनाच्या चुका भरपूर होत्या. एरवी तिने नाक मुरडलं असतं. साहेबांच्या पत्रकात एकही चूक नव्हती, आणि तिला किळस आली ती त्याची.

खपावर परिणाम झाला तशी कंपनी ताळ्यावर आली. चित्रकाराला कोटाचे धागे गुंडाळावे लागले आणि सुधारलेला गेम बाहेर पडला. तोवर ती एका कॉलेजात मुलांना मशीनची तपासणी शिकवू लागली होती. वहिनीशी बोलणं कामापुरतंच उरलं होतं. एका दुपारी वहिनीने आपणहून फोन केला.

"चालतोय आता. एकदाही अडकला नाही. शेवटपर्यंत खेळून झाला."

"मग?"

"गोष्ट भिकार आहे गं. तो मेला नावाडी किनाऱ्यावर जातोच कशाला, ते शेवटपर्यंत कळत नाही."

तिने आजवर तो गेम शेकडो वेळा चालवला होता, पण गोष्टीकडे कधी लक्षच दिलं नव्हतं. "कशाला जातो?" तिने विचारलं, आणि वहिनी पहिल्यापासून सगळं सांगायला बसली.