नाक्याची गोणी

माझा सख्खा भाऊ सयाजी पुण्यात गांजा-अफू धरायच्या खात्यात साहेब. आमचे मालक, म्हंजे माझे घरधनी सावळेराम, आळेफाट्यावरून कांद्याचा ट्रक परराज्यात न्यायचे. आता मालक जेलात हायत आन् सयाजीला बढती मिळालीय. कसं झालं ते ऐका.

अठ्ठ्याण्णव साली सयाजी घरी आला, मटन हाणलं, हात धुतला आन् ह्यांच्यापुढं बसला. शिवेवरचे नाके चोरटा गांजा कितपत धरत्यात, ते वरच्या साहेबांना मोजायचं व्हतं. धरलेला दिसतो, पन निसटलेला कसा मोजायचा? म्हनून खात्याच्या कोठीतलाच गांजा ट्रकात घालून धाडायचा, आन् नाक्यावर घावतो का ते बघायचं. मालकांनी फक्त गप ट्रक हाकायचा. कागद मागावा असं ह्यांच्या मनात आलं न्हाई. बायकोच्या भावाकडून कोन लिहून घेतं राव? आमच्यात तसं मागनं म्हंजे जेवल्या ताटात थुंकनं.

तीन खेपा झाल्या. पुडा मधल्या थरात असायचा, आन् नाक्यावर कुनी तिथवर हात घालायचं न्हाई. आमच्या लोकांची एक रीत हाय. ट्रक भरला का मागं फाळक्याला लागून निवडक कांद्याची एक गोणी ठेवायची, ती नाक्याची गोणी. शिपाई यायचा, तेवढी उतरवून घ्यायचा आन् दांडी वर करायचा. बाकी ट्रकात हत्ती निजला असता तरी त्या भाड्यांना पत्ता लागला नसता.

मला वाटलं, झालं मोजून. नाके काई कामाचे न्हाईत, तसं लिहा आन् मोकळे व्हा. पन सयाजीचं तोंड उतरलं. नाक्यांची जबाबदारी त्याच्याच खात्याची, शून्य आकडा वर धाडला तर साहेब आधी त्यालाच खुर्चीवरून उठवनार व्हता. चौथ्या टायमाला तो ह्यांना म्हनला, दाजी, आता पुडा नाक्याच्या गोणीत घाला. मंग घावल्याबिगर ऱ्हात न्हाई, आन् घावला का मी लगेच फोन करून तुमाला सोडवतो.

घावला. सयाजीनं आधीच सांगून नाक्यावर मोठा साहेब उभा केला व्हता, त्यानं सगळ्यांदेखत गोणी उसवायला लावली. पेपरात ह्यांचा फोटो आला, मान खाली घातलेला. फोन काई आला न्हाई.

मी पुण्याला त्याच्या घरी गेले. त्यानं दार लावून घेतलं आन् माझ्याकडं न बघता बोलला, "आक्का, पुडा माझा व्हता म्हनलो तर ही पकड पुसली जाती. पुन्हा शून्य. आन् कोठीतला माल मी कुनाला न विचारता काढला व्हता. जरा दम धर, कोर्टात मी बोलतो."

आईनं पन तेच सांगितलं, भावाची नोकरी घालवू नको. मी मूर्खावानी दम धरला.

कोर्टात सयाजी इस्त्रीच्या कापडात आला आन् साहेबी भाषेत बोलला, "आरोपी माझे नातेवाईक आहेत. त्यांच्या धंद्याची मला कल्पना नव्हती." मी बाकावरून उठून ओरडले, तर शिपायानं मला खाली बसवलं. वकील म्हनला, काई लिहून घेतलं का? मालकांना दहा वरसं लागली. आन् वर आकडा गेला, चारातला एक धरला जातो, शेकडा पंचवीस. कसा मोजला ते वर कुनी इचारलं न्हाई. ते पंचवीस म्हंजे आमचे मालक.

बाहेर व्हरांड्यात सयाजी माझ्या पाया पडायला वाकला. मोठ्या बहिनीच्या पाया पडतो नेहमी, लोकं बघत व्हते. माझं अंग पेटलं. पायातली चप्पल काढावी आन् तिथंच त्याचं थोबाड फोडावं असं झालं.

बेडी घातलेले मालक शेजारून चालले व्हते. ते थांबले आन् हळूच म्हनले, "आशीर्वाद दे त्याला, भागे. आरतीला आता त्याच्याबिगर कोन हाय?"

आरती, आमची पोरगी, तवा सातवीत व्हती. मी सयाजीच्या डोक्यावर हात ठेवला आन् म्हनलं, औक्षवंत व्हो.