तेवीस जुलै, टाचेसकट

टेक एक

तेवीस जुलै, दार उघड,
दाराशी पिशवी, पिशवी जड,
यंत्र थांबलं

इथे मीच थांबवलं. काचेपलीकडे माइकसमोर माझी आई, तिच्यामागे डेअरीतल्या तिच्या तीन जुन्या सोबतिणी, काचेअलीकडे ध्वनिमुद्रणाच्या टेबलाशी मी. प्रत्येक ओळीच्या शेवटी धप्प असा आवाज येत होता.

"मावशी, पाय नका आपटू," कार्यक्रमवाले साहेब बटण दाबून म्हणाले. "माइकमध्ये येतंय."

"येऊ दे की. त्यासाठीच आपटतेय."

टेक दोन

टाच न आपटता. आठ सेकंद. चौघी चार दिशांना गेल्या.

टेक नाही, नुसतं बोलणं

साहेबांचा कार्यक्रम नवा होता. ज्या गाण्यात एखादी तारीख आहे, ते गाणं त्याच तारखेला सकाळी सहाला रेडिओवर वाजवायचं. अशी गाणी वाटतात त्याहून पुष्कळ निघाली. कुणी बोट सुटली ती तारीख गाण्यात घातलेली, कुणी तो यायचा होता आणि आला नाही ती. बहुतेक गाणी कवींची. एकच गाणं दुधाच्या पिशव्या भरणाऱ्या बायकांनी हातातलं काम न थांबवता केलेलं, आणि ते मी सुचवलं होतं. त्यातली एक माझी आई आहे हे साहेबांना आधी सांगितलं नव्हतं. नंतर सांगितलं तेव्हा जरा मोठ्याने सांगितलं.

"तो पाय गाण्यातलाच आहे," मी साहेबांना म्हटलं. "त्या दिवशी वीज गेली, पिशव्या बंद करायचं यंत्र ठप्प. चाळीस जणींनी मेणबत्त्या लावल्या. पिशवीचं तोंड करवतीच्या पात्यावर दुमडायचं आणि ज्योतीवरून ओढायचं. सावकाश ओढलं तर प्लॅस्टिक जळतं, घाईने ओढलं तर पिशवी गळते. सगळ्यांची ओढ सारखी राहावी म्हणून टाच. एक ओळ म्हणजे एक पिशवी."

"किती पिशव्या झाल्या?"

"अठरा हजार," काचेपलीकडून आई म्हणाली. बटण दाबलेलंच होतं.

"त्यातल्या दोनशे गळल्या," मागच्या तिघींतली शिट्टीमावशी म्हणाली. बोलताना दातांतून शिट्टी वाजते म्हणून तिचं हे नाव. "त्या हिच्या."

"तू मोजत बसली होतीस, म्हणून तुझ्या कमी गळल्या."

मी दुसरा माइक काढला आणि जमिनीलगत, आईच्या टाचेपासून वीतभर लांब लावला. टाचेला माइक मी पहिल्यांदाच लावत होते.

टेक तीन

तेवीस जुलै, दार उघड,
दाराशी पिशवी, पिशवी जड,
यंत्र थांबलं, हात नाही,
रिकामं कुठलंच दार नाही.

पाच कडवी, एका दमात. मीटरच्या सुया जिथे हव्यात तिथे नाचल्या. मी कानावरून हेडफोन काढले आणि साहेबांकडे वळले.

साहेब फाइल बघत होते.

"मॅडम, हे कात्रण तुम्हीच दिलंत ना?"

मीच दिलं होतं. गाणं खरं आहे हे दाखवायला जुन्या वर्तमानपत्रातलं कात्रण शोधलं, लाल पेनाने मथळ्याखाली रेघ ओढली आणि प्लॅस्टिकच्या पाकिटात घातलं, तेही मीच. 'बावीस जुलैला डेअरी ठप्प.'

"आमच्या कार्यक्रमात तारीख चुकून कसं चालेल?" साहेब म्हणाले. "अख्खा कार्यक्रमच तारखांचा. बावीस म्हणू द्या त्यांना. मात्रा तेवढ्याच आहेत. नाहीतर मला दुसरं गाणं घ्यावं लागेल."

मला कारण ठाऊक होतं. पिशवीवर शिक्का नेहमी उद्याचा पडतो, आणि शिक्का मारायचं काम आईचं. तिथे 'आज काय तारीख?' असं विचारलं की उत्तर उद्याचं मिळायचं. माझा जन्म चार तारखेचा. शाळेच्या अर्जावर आईने पाच लिहिली, कारण ती कामावरून तडक शाळेत आली होती. आजतागायत मी एक दिवस उशिरा मोठी होते. म्हणजे गाण्यातही तेच झालं असणार. मला असंच वाटलं. सांगताना लाज वाटते, पण आत जाऊन आईला मीच म्हटलं, "तेवढी एक तारीख बदल ना."

आईने माझ्याकडे बघितलं. "बरं," म्हणाली.

टेक चार

बावीस जुलै, दार

टाच पडलीच नाही. मागच्या तिघीही थांबल्या.

"काय झालं, मावशी?"

"पाय उचलत नाही, साहेब." आई चिडली नव्हती. शिक्क्याची शाई संपली म्हणून सांगावं तसं तिने सांगितलं. "बावीसला काय झालं? सकाळी दूध रोजच्यासारखं आलं, त्याचं गाणं कोण करतं? दुपारी चारला यंत्र बंद पडलं. ते यंत्राचं. बावीस तारीख यंत्राने ठेवावी. आम्ही केलं ते तेवीसला दारात पोचलं."

"पण मावशी, कागदावर..."

"कागद पूर्ण वाचलात?"

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी पाकिटाकडे. कात्रण पाकिटात मावेना म्हणून खालचा भाग मी मागे दुमडला होता. मथळा दिसत होता, तेवढा पुरला होता मला. आता ते बाहेर काढलं आणि घडी उलगडली. वर कोपऱ्यात वर्तमानपत्राची तारीख, तेवीस जुलै. तळाशी शेवटची ओळ. साहेबांनी ती मोठ्याने वाचली.

"'आज शहरात कोठेही दूध मिळणार नाही, याची नागरिकांनी नोंद घ्यावी.'"

मग शिट्टीमावशीची शिट्टी.

"घेतली की नोंद. लोक हे वाचत वाचत चहा प्यायले. दुधाचा."

साहेब हसले. आधी थोडं, मग खुर्ची मागे सरकवून. कात्रण पुन्हा वाचलं, पुन्हा हसले. "सकाळी सहाला हीच ओळ वाचून दाखवतो," म्हणाले, "आणि लगेच गाणं सोडतो."

"टाचेसकट?" आई.

"टाचेसकट."

टेक पाच

हे तुम्ही तेवीसला ऐकाल. मी फक्त एवढं सांगते की तिसऱ्या कडव्यात आईने माझ्याकडे बघितलं आणि टेबलाखाली माझी टाच आपटली गेली. ती मुद्रणात नाही. मधे काच होती.

टेकनंतर

फॉर्म मी भरला. गीत: डेअरीच्या पॅकिंग विभागातल्या चाळीस जणी. संगीत: त्याच. वाद्य: टाचा, चार. साहेबांनी कुठेही खाडाखोड केली नाही.

दिनांकाच्या चौकटीशी माझं पेन थांबलं. आई खांद्यावरून वाकून बघत होती. चष्मा तिने मुद्दाम घातला होता.

"वाजणार कधी?"

"तेवीसला."

"मग तेवीस घाल. माल पोचतो ती तारीख."

मी तेवीस घातली. साहेबांनी सही केली.