आडव्या तांडेलाची गादी

मी एक जुनी हवेची गादी आहे. मित्रांनो, आधीच सांगून ठेवते, मला कुणाची कीव नको. माझ्या अंगावर ठिगळं आहेत, त्यातलं एक तर पिवळ्या रेनकोटचं आहे. ते मी झाकत नाही, मिरवते.

कापसाच्या गादीशी माझी तुलनाही करू नका. ती नुसती पडून राहते, मी काम करते. माझ्या पोटात आडवे कप्पे आहेत आणि पलंगाच्या पायथ्याशी लटकणारा पंप त्यांत आळीपाळीने हवा भरतो. एक कप्पा फुगला की शेजारचा बसतो, मग उलट. ज्या माणसाला स्वतःहून कूस बदलता येत नाही, त्याच्या अंगाचा भार असा एकाच जागी साचून राहत नाही. भार साचला की तिथलं रक्त फिरेनासं होतं, कातडी काळी पडते आणि आतलं मांस सडत जातं. तुम्ही वर्गात बाकावर बसल्या बसल्या सारखी चुळबूळ करता आणि बाई ओरडतात ना? खुशाल करत जा. त्या चुळबुळीमुळेच तुमची कातडी शाबूत आहे.

माझी पहिली नोकरी मुरुडला, नारळाच्या वाडीत लॉज चालवणाऱ्या एका घरी झाली. तिथले आजोबा अंथरुणाला खिळले होते. ते गेले तेव्हा त्यांची पाठ लहान मुलासारखी स्वच्छ होती. आलेगेले सगळे म्हणाले, या गादीने म्हाताऱ्याला जपलं हो. ते कौतुक मी अजून विसरलेले नाही. पण आजोबांचा बारावा झाला आणि मला गुंडाळून माळ्यावर टाकलं, फाटक्या छत्र्यांच्या सोबतीला. उंदरांनी माझा एक कोपरा कुरतडला. गरज सरो नि वैद्य मरो म्हणतात, ते माळ्यावर जाऊन पाहावं.

तिथून मला सोनूबाईने सोडवलं. ती मुरुडच्याच कोळीवाड्यातली, त्या लॉजवर मासळी द्यायला यायची. तिचा नवरा हिरामण एका बोटीचा तांडेल होता, म्हणजे समुद्रात सगळे खलाशी ज्याच्या शब्दावर चालतात तो. होडी किनाऱ्यावर ओढून घेताना दोर तुटला आणि तो खडकावर पाठीवर आपटला. कमरेखालचं सगळं बधिर झालं. लॉजवाल्यांच्या सुनेने मला माळ्यावरून काढून सोनूबाईच्या डोक्यावर दिलं. सोनूबाईने मला पुसलं, माझ्या कुरतडलेल्या कोपऱ्याला रेनकोटचं ठिगळ लावलं आणि हिरामणला माझ्यावर निजवलं.

इथे घोटाळा झाला, आणि तो प्रेमापोटी झाला. हिरामणला रबराचा वास सोसेना. "माजं जालं घाला माज्याखाली," तो म्हणाला. "त्याच्यावर झोपलो का होडीवर असल्यावानी वाटंल. वारा पन लागंल पाठीला." तांडेलाचा शब्द घरात कोण मोडणार? त्याचं नायलॉनचं जाळं घडी घालून माझ्यावर पसरलं. जाळ्याला किती गाठी असतात ते तुम्हाला ठाऊक आहे. त्यातली एकही गाठ त्याला टोचत नव्हती, कारण त्याला तिथे काही कळतच नव्हतं. वर पंपाची घरघर नको म्हणून तोही बंद केला. मी खाली निपचित पडून होते. पंपाशिवाय मी करणार काय, कपाळ?

सोनूबाईला एक दिवस वास आला. तिने नवऱ्याला कुशीवर वळवलं आणि पाठ बघितली. माकडहाडावर वाटी मावेल एवढी जखम झाली होती आणि तिच्याभोवती कातडीवर जाळ्याचे चौकोन उमटले होते. शेजारचे जमले. कुणीतरी म्हणालं, "ह्या गादीतच दम न्हाय." मला उचलून पडवीत बोंबलांच्या रिकाम्या टोपल्यांवर फेकलं. मित्रांनो, तेव्हा मला तोंड असतं तर मी त्या माणसाला चार शब्द ऐकवले असते.

हिरामणला मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयात नेलं. तिथली हकिकत सोनूबाई पुढे येईल त्याला सांगायची, म्हणून मला पाठ आहे. मलमपट्टीने भरून यावी अशी ती जखम राहिली नव्हती, हाड दिसत होतं. तिथे डॉक्टर प्राची नव्या उपचाराचा अभ्यास करत होत्या. त्यांनी हिरामणच्या पोटावरची थोडी चरबी काढली, तिच्यातल्या जिवंत पेशी वेगळ्या करून प्रयोगशाळेत वाढवल्या, जखम साफ केली आणि त्या पेशी एका बारीक, मऊ जाळीवर धरून तिच्यात बसवल्या. त्या पेशी आजूबाजूच्या मांसाला पुन्हा वाढायला लावतात म्हणे. हिरामण हसून म्हणाला, "जाल्यानं नेलं, आता जालंच परत देतंय."

पण डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, "काका, उपचार नवा आहे, मी खात्री देत नाही. आमच्याकडे माणगावला भातशेती आहे. लावणी झाल्यावर त्या चिखलातून कुणी चालत गेलं तर रोपं जगतील का? तसंच हे. जखमेवर भार आला तर पेशी मरतील. मी सांगेपर्यंत बसायचं नाही, पाठीवर झोपायचं नाही. आणि तुम्ही सांगितलीत ती जुनी हवेची गादी कुठे आहे? तीच घाला. वर एकच चादर. गादी आहे म्हणून कूस बदलायला विसरायचं नाही."

ऐकलंत? खुद्द डॉक्टरांनी माझी चौकशी केली. हिरामणला घरी आणलं, मला टोपल्यांवरून उतरवलं, धुतलं आणि पंप सुरू झाला. शेजारपाजारचे यायचे, त्या अदृश्य पेशींचं कौतुक करायचे आणि माझ्याच काठावर टेकून चहा प्यायचे. मीही ठरवलं, करा कौतुक. मी हवा धरून राहणार.

श्रावणात नारळी पौर्णिमा आली. त्या कोळीवाड्यात दर्याला पहिला नारळ वर्षानुवर्षं हिरामणच्या हातून जायचा. सकाळीच त्याचा चुलतभाऊ धनेश झेंडूच्या माळा बांधलेली खुर्ची घेऊन दारात उभा राहिला.

"दादा, चौघं उचलून नेतो तुला. थोडा वेल बसायचं, बस. तांडेल मिरवणुकीत बसलेला दिसला पायजे."

"बसव मला," हिरामण म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. इतके महिने तो छपराकडे नाहीतर भिंतीकडे बघत होता. आज त्याला माणसांत बसायचं होतं.

सोनूबाई आडवी आली. "न्हाय. बसायचं न्हाय. त्या पेशी मरतील."

"मंग आडवा नेनार? चौघांच्या खांद्यावर?" धनेश म्हणाला. चौघं जण माणसाला आडवा खांद्यावर घेतात ते कुठे नेताना, हे लहान पोरालाही ठाऊक असतं. हिरामणने तोंड भिंतीकडे फिरवलं. "मंग ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "तूच दे नारल, धनेश."

सोनूबाईने पदर खोचला. "चौघं कशाला? पाचवी मी हाय. पाच जनांनी उचलली का ती तिरडी न्हाय, ती होडी हाय. धनेश, फली आन."

होडीची रुंद फळी आली. मला पंपापासून सोडवलं. सोनूबाईने माझ्या दोन्ही नळ्या दुमडून जाळ्याच्या दोऱ्याने करकचून बांधल्या, मला फळीवर अंथरलं आणि हिरामणला माझ्यावर कुशीवर ठेवलं, जखम मोकळी राहील असा. "तोंड दर्याकडं करा माजं," तो म्हणाला. चार पुरुष आणि एक बाई यांनी आम्हाला उचललं, आणि पुढे बँजो वाजू लागला.

खरं सांगते, मी घाबरले होते. रेनकोटच्या ठिगळातून बारीक हवा सुटत होती. चढावर एक कप्पा पार बसला. बाकीचे मी असे घट्ट धरले की काय सांगू. पंप नव्हता, वीज नव्हती, माझ्याजवळ होता तेवढा श्वास होता. एकदा माझ्यात दम नाही असं म्हणणारा तो शेजारी आता फळीच्या डाव्या टोकाला घामाघूम झाला होता. मी मनात म्हटलं, बघ आता.

जेट्टीवर एका म्हाताऱ्याने नाक मुरडलं. "दर्याला कुनी आडवं पडून नारल देतं का रं?"

हिरामणने सोनेरी कागदातला नारळ हातात घेतला. "मी देतो," तो म्हणाला. "दर्याकाठी माजी पाठ गेली. आता जसा हाय तसा मी दर्याला चालंल. तुला न्हाय चालत तर तू घरी जा."

त्याने पडल्या पडल्याच हात मागे नेला आणि नारळ दूरवर भिरकावला. सोनूबाई मोठ्याने रडली. फळीचं टोक मात्र तिने सोडलं नाही.

पुढच्या तपासणीला डॉक्टर प्राचींनी पट्टी काढली. जखमेच्या तळाशी लालसर, ताजं मांस धरलं होतं. लावणी जगली, त्या म्हणाल्या. भरायला अजून बराच काळ लागला, पण ती भरत गेली. आता तिथे एक गुळगुळीत खळगा तेवढा आहे. रुग्णालयाने त्याचे फोटो काढले. माझा कुणी काढला नाही. न काढोत.

मित्रांनो, उपचार उद्या याहून मोठे निघतील आणि मला त्याचा आनंदच आहे. पण पेशींना हात नसतात. माणसाला कुशीवर वळवायला माणूसच लागतो. तुमच्या घरी कुणी अंथरुणाला खिळलेलं असेल तर दुरून हळहळू नका. जवळ जा, त्यांना कूस बदलायला मदत करा, पाठ बघा, चादरीची सुरकुती काढा. आणि माळ्यावर माझ्यासारखी कुणी पडली असेल तर तिला आधी खाली काढा.

एवढं करताना कुणी नाक मुरडून विचारलंच, की आडवं पडून कधी कुणी नारळ दिलाय का, तर बेधडक सांगा, मुरुडला देतात.