सातवा रकाना

सातव्या रकान्यातली ओळ खोडताना विद्याधरने फॉर्मचा झेरॉक्स कागद डाव्या हाताने दाबून धरला होता. खोडरबर चांगला होता, पण शर्वाणीचा हात जड. पेन्सिलीची काळी रेघ गेली तरी अक्षरांचे वळ कागदावर उरलेच. त्याने रबराचा चुरा झाडला आणि त्याच जागी आपल्या सुबक इंग्रजीत लिहिलं, 'कागदपत्रांची प्रक्रिया सुरू आहे.'

शर्वाणी समोरच बसली होती. तिचं इंग्रजी पक्कं डब्लिनचं. घरात सगळं मराठी तिला कळायचं, पण स्वतः ती मराठी बोलायची ती फक्त भांडायचं असलं की.

"काही सुरू नाहीये, बाबा," ती मराठीत म्हणाली. "आठ वर्षं काही सुरू नाहीये."

"असं थेट लिहायचं नसतं गं."

"त्यांनी थेट विचारलंय!"

विचारलं थेटच होतं. वॉटरफोर्डच्या दोन निवृत्त शिक्षिकांनी काढलेल्या एका छोट्या ट्रस्टचा हा फॉर्म. ज्यांना सरकारी अनुदान मिळू शकत नाही अशा मुलांची फी ते भरायचे. शर्वाणीने तो स्वतः शोधून काढला होता. मेनूथच्या विद्यापीठात गणित शिकायला तिला जागा मिळाली होती, आणि ट्रस्टने हात दिला नाही तर ती जागा तशीच दुसऱ्या कोणाला जाणार होती. सातवा प्रश्न असा होता, 'सरकारी अनुदान तुम्हाला का मिळू शकत नाही?' त्यावर तिने लिहिलं होतं, 'आमच्याकडे इथे राहायचा परवाना नाही.' ही माहिती कोणालाही दिली जाणार नाही, असं पहिल्याच पानावर ठळक अक्षरात छापलेलं होतं. त्यामुळे ट्रस्टला हे कळण्याची विद्याधरला भीती नव्हती. भीती होती शेवटच्या पानाची. घरच्यांना निदान पाच वर्षं ओळखणाऱ्या बाहेरच्या माणसाने सगळा फॉर्म वाचून, हे खरं आहे, अशी तिथे सही करायची होती. फॉर्म उद्या पोस्टात पडायला हवा होता.

"आज प्रसन्न येतोय," शर्वाणीची आई रोहिणी पोह्यांना फोडणी देता देता म्हणाली. "त्यालाच विचारा ना."

"काय सांगून विचारू?"

"जे आहे ते."

त्याने फॉर्म आपल्या फाइलमध्ये सरकवला.

गंमत अशी की फॉर्म भरण्यात विद्याधरचा हात धरणारं डब्लिनच्या मराठी मंडळींत कोणी नव्हतं. कोणाचा व्हिसा, कोणाचं नागरिकत्व, कोणाच्या सासूबाईंचा विमा, सगळे रविवारी सँडीफोर्डमधल्या एका घराच्या मागच्या या दोन खोल्यांत यायचे. खिडकीजवळच्या खुर्चीत विद्याधर बसायचा, समोर अडलेला माणूस. आधी झेरॉक्सवर पेन्सिलीने लिहायचं, मग मोठ्याने वाचायचं, आणि अगदी शेवटी मूळ फॉर्मवर पेनाने. ही त्याची शिस्त. शोभेचं काही लिहायचं नाही, विचारलंय तेवढं आणि खरं तेवढंच लिहायचं, हे तो प्रत्येकाला बजावायचा. एवढे फॉर्म त्याने भरले, आणि त्याचा स्वतःचा परवाना मात्र आठ वर्षांपूर्वी संपलेला होता. कंपनीने इथला विभाग बंद केला तेव्हा सहा महिन्यांत दुसरी नोकरी मिळेल असं तो रोहिणीला म्हणाला होता. तारीख टळली आणि नंतर ती गोष्ट कोणापुढे काढायचं त्याच्या जिवावर आलं. आता तो एका हॉटेलच्या लाँड्रीत चादरींच्या घड्या घालायचा. लोकांना त्याने 'कन्सल्टिंग करतो' म्हणून सांगितलं होतं, आणि लोक चांगले होते, जास्त विचारत नव्हते.

अकराच्या सुमारास प्रसन्न आला, त्या मराठी मंडळींतलाच एक. पस्तिशीतला, गडबड्या, हातात फाइल. पाच महिन्यांच्या लेकीचा पासपोर्ट काढायचा होता. दिवसभर ऑफिसात कॉम्प्युटरशी झटणारा माणूस, ऑनलाइन त्याचं ते दहा मिनिटांत झालं असतं. पण विद्याधरकाकांचा हात लागल्याशिवाय त्याला धीर नव्हता.

"शर्वाणी, कप कुठेत गं?" प्रसन्नने विचारलं.

"इन द प्रेस," ती म्हणाली, कपाटाला डब्लिनमध्ये म्हणतात तसं, आणि तिथून तिनेच काढून दिले.

विद्याधरने झेरॉक्सवर पेन्सिल टेकवली. नाव, स्वानंदी. जन्मस्थळ, डब्लिन. राष्ट्रीयत्व. तिथे पेन्सिल क्षणभर थांबली, मग त्याने 'आयरिश' असं लिहिलं.

"पाच महिन्यांत बाईसाहेब आयरिश!" प्रसन्न हसला. "मला सहा वर्षं घासावी लागली. तेही तुम्ही होतात म्हणून. शर्वाणीचं कसं, मेनूथ ना? मग काय, सरकारी ग्रँट मिळेल. तुम्ही भरणार म्हणजे प्रश्नच नाही."

शर्वाणीने वडिलांकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग नव्हता. ती नुसती थांबली होती, तो काय बोलतो ते ऐकायला.

"हो हो, चालू आहे," विद्याधर म्हणाला.

ती आतल्या खोलीत गेली आणि तिने दार हळूच लावून घेतलं. आपटलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं.

त्याने स्वानंदीचा फॉर्म पुढे घेतला. दोन रकाने भरले. तिसऱ्यात आईचं नाव वडिलांच्या जागी लिहून बसला. एवढ्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. प्रसन्नची नजर काकांच्या बोटांवर गेली. ब्लीचने भेगाळलेल्या बोटांना चिकटपट्ट्या होत्या. मागे एकदा त्याने विचारलं होतं, तेव्हा काकांनी बागकाम सांगितलं होतं. या दोन खोल्यांना बाग नव्हती.

विद्याधर उठला. आपल्या फाइलमधून शर्वाणीचा मूळ कोरा फॉर्म काढून त्याने टेबलावर ठेवला, पेनही ठेवलं.

"प्रसन्न, तू इकडे बस."

"तुमच्या खुर्चीत?"

"बस. तू विचार, मी सांगतो."

प्रसन्न अवघडून खिडकीजवळ बसला. विद्याधर समोर, अडलेल्या माणसाच्या जागी. तिथून उजेड थेट डोळ्यांवर येतो हे त्याला आजच कळलं. नाव, पत्ता, शाळा प्रसन्नला पाठ होतं, त्याने सरळ पेनानेच लिहून टाकलं.

"वडिलांचा व्यवसाय. कन्सल्टंट," असं म्हणत त्याने पेन टेकवलं.

"नाही. थांब. लाँड्री कामगार. हॉटेलात."

पेन थबकलं. प्रसन्नने वर पाहिलं, मग खाली मान घालून लिहिलं. गॅसजवळ रोहिणीचा झारा थांबला होता.

सातव्या प्रश्नाशी आल्यावर त्याने तो मोठ्याने वाचला, काका वाचायचे तसाच, सावकाश.

"आमच्याकडे इथे राहायचा परवाना नाही," विद्याधर म्हणाला. आवाज त्याला वाटला होता त्यापेक्षा साधा निघाला. "आठ वर्षं झाली."

प्रसन्नने पेन खाली ठेवून पेन्सिल उचलली.

"काका, हे तूर्त पेन्सिलीनं लिहूया? म्हणजे पुढे तुम्हाला वाटलं तर..."

मुलगा मनाचा चांगला होता. परतीची वाट मोकळी ठेवत होता. विद्याधरला भरून आलं, आणि त्याने ते लपवलं नाही.

"नको रे. पेनानं लिही."

प्रसन्नने पेनाने लिहिलं. एकेक पान भरत शेवटचं पान आलं. सही करणाऱ्याची माहिती. प्रसन्नने कोणाचं नाव ते विचारलं नाही, आपलं घातलं. पुढच्या ओळीवर मात्र तो अडला.

"'या कुटुंबाला तुम्ही किती वर्षं ओळखता?'" त्याने वाचलं आणि काकांकडे पाहिलं. सात वर्षं तो या घरात चहा पीत होता. त्या सातही वर्षांत त्याला जे सांगितलं गेलं, त्यातलं किती खरं होतं, ते आत्ताच टेबलावर मांडून झालं होतं.

विद्याधरची मान खाली गेली. त्याने पेन्सिल हाताने पुढे सरकवली.

"हे मात्र आधी पेन्सिलीनं लिही," तो म्हणाला. "घरी ने. विचार कर. उद्या दुपारपर्यंत वेळ आहे."

प्रसन्नने पेन्सिलीला हात लावला नाही. पेन तसंच हातात धरून त्याने रकान्यात 'सात' लिहिलं, खाली सही केली आणि शाई वाळावी म्हणून हलकी फुंकर मारली.

आतलं दार कधी उघडलं होतं ते कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. शर्वाणी चौकटीत उभी होती. ती पुढे आली, टेबलावरचे कप तिने उचलले.

"प्रसन्नदादा, चहा गार झाला तुझा," ती मराठीत म्हणाली. "थांब, दुसरा करते. बाबा, तुलाही टाकू ना?"