घरची गाडी

गाडी सर्व्हिसिंगला टाकली की संध्याकाळी ती धुऊनपुसून चकाचक परत येते आणि आपण खूश होतो. आत नेमकं काय केलं, हे तुम्ही-आम्ही कधी विचारतो का? ओळखीच्या माणसाला असं विचारणं बरं दिसत नाही.

मोटारींच्या एका शोरूममध्ये सर्व्हिसिंगच्या गाड्या ताब्यात घेणारा माणूस असाच सगळ्यांच्या ओळखीचा होता. जिभेवर साखर, म्हणून सोबती त्याला गोडबोल्या म्हणत. नातवंडांची चौकशी करावी, चहा मागवावा, निघताना गाडीचं दार उघडून धरावं, यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. तिथली एक रीतही त्याच्या अंगवळणी पडली होती. नवं गिऱ्हाईक नाराज झालं तर दुसरीकडे जातं, म्हणून त्याच्या गाडीची चाकं काढून ब्रेक नीट तपासायचे. जुनं गिऱ्हाईक कुठे जातंय? त्याची ती 'घरची गाडी'. गर्दी असली की तेल बदलायचं, धुवायची आणि द्यायची. मॅनेजरनेच पाडलेला शिरस्ता होता तो.

सिस्टरची गाडी घरचीच. सिस्टर म्हणजे निवृत्त नर्स. गाडी घेतल्यापासून त्यांनी दुसऱ्या कुणाचा हात तिला लागू दिला नव्हता. या खेपेलाही गोडबोल्याने चाकं न काढताच, सगळं तपासलंय, निर्धास्त जा, असं सांगून त्यांना वाटेला लावलं. त्याच आठवड्यात उतारावर गाडी थांबली नाही. समोरच्या ट्रकवर आदळली आणि शेजारी बसलेले सिस्टरचे यजमान जागच्या जागी गेले.

मॅनेजरने गोडबोल्याला सिस्टरना भेटायला पाठवलं. जुनं गिऱ्हाईक हातचं जाऊ नये म्हणून! ब्रेकचा विषय काढायचा नाही, अशी वर ताकीद.

सिस्टर पलंगावर होत्या, पाय प्लास्टरमध्ये. मुलीने पाणी आणून ठेवलं आणि आईकडे न बघताच ती आत गेली. अपघातापासून ती आपल्याशी बोलत नाही, हे सिस्टरनीच सांगितलं.

"तिचं तरी काय चुकलं? मला वाटत होतं, मी ब्रेक दाबला पण तो लागलाच नाही. पण तुम्ही तर नुकतीच गाडी तपासून दिली होती. म्हणजे माझाच पाय उशिरा पडला. यांना मीच मारलं हो."

गोडबोल्याची नजर उशाकडे गेली. तिथे यजमानांचा चष्मा पुसून ठेवला होता. आपण गप्प बसलो तर नोकरी शाबूत राहील. पण ही बाई मरेपर्यंत नवऱ्याच्या मरणाचं ओझं वाहील. त्याला स्वतःची किळस आली.

"नाही, सिस्टर! ब्रेक मी तपासून घेतलेच नव्हते. खोटं बोललो तुमच्याशी."

का, एवढंच त्यांनी विचारलं. त्याने ती रीत सांगितली.

"आमच्या वॉर्डात नवा पेशंट आरडाओरडा करून नर्सला बोलावून घ्यायचा," त्या म्हणाल्या. "जुना मात्र आमच्यावर हवाला ठेवून झोपायचा. मी पोरींना सांगायचे, झोपलेल्याची नाडी आधी बघा, तो हाक मारणार नाही. तुम्ही त्या झोपलेल्यालाच फसवलंत."

मग त्यांनी मुलीला हाक मारली आणि हेच तिच्यासमोर सांगायला लावलं. त्याने मान खाली घालून सांगितलं. मुलगी आईच्या उशाशी बसली, तिचा हात हातात घेतला आणि त्याला म्हणाली, "आता तुम्ही जा."

पोलिसांपुढेही त्याने हाच जबाब दिला. नोकरी गेली आणि खटला उभा राहिला. आता एका लहानशा गॅरेजात तो जुन्या गिऱ्हाइकाच्या गाडीची चाकं आधी काढायला लावतो. पण सिस्टरचे यजमान काही त्याने परत येत नाहीत.

मंडळी, दुकान असो, दवाखाना असो की कचेरी, जो काही विचारत नाही त्याचं काम आधी नीट बघा. तो विचारत नाही, कारण त्याने आपला जीव तुमच्या हाती दिलेला असतो.